बोरखडीत न पडलेला दगड

होळी झाली, गहू-हरभरा घरात आला, की आमच्या भागात जमीन फोडायचे दिवस सुरू होतात. लोक आंब्याची वाट पाहतात, लग्नाच्या तिथींची वाट पाहतात. मी चाळीस वर्षं सुरुंगाची वाट पाहिली. लांब कुठेतरी दणका बसला, दुकानातल्या काचेच्या फळ्या थरथरल्या, की माझे पाय आपोआप चपला शोधायला लागतात. विहीर खोदताना खडक फुटतो, फुटलेल्या खडकात कधीतरी एखादी पोकळी निघते, आणि त्या पोकळीत आजवर कुणाच्याही नजरेला न पडलेल्या गारगोट्या बसलेल्या असतात. हिरव्या काचेसारख्या, पांढऱ्या सुयांच्या, पिकल्या पेरूच्या गराच्या रंगाच्या. त्या विहिरीवर जाऊन घ्यायच्या आणि शौकिनांना विकायच्या, हा माझा धंदा. पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत वडील शहरातल्या छावणीत हमाली करायला आले. मी वेरूळला लेण्यांबाहेर मुठीत चार खडे घेऊन पर्यटकांच्या मागे पळालो. आज त्याच छावणीत माझं दुकान आहे. यात कुणाचे उपकार नाहीत.

यंदाही मार्चअखेर पहिला दणका ऐकू आला आणि यंदाही माझं डोकं फिरलं. त्याला कारण एक जुना उन्हाळा आहे. तो संपला असं मला अजून वाटत नाही.

पैठण रस्त्यानं जाताना डाव्या हाताला बोरखडी गावाची कमान लागते. कमानीवर शेपटीसकट एक पेटता गोळा रंगवलाय आणि खाली लिहिलंय, ‘आकाशातून आलेल्या दगडाचे गाव’. त्याच्याही खाली सरपंचाचा हात जोडलेला फोटो. दर निवडणुकीनंतर फोटो बदलतो, गोळा तोच. त्या गावात पाऊस, गारा आणि पाखरांची घाण सोडली तर वरून कधीही काही पडलेलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण बोरखडीचं नाव संशोधकांना सांगणारा माणूस मीच आहे.

दगड पडला करंजमाळावर. बोरखडीपासून बरंच उत्तरेला, डोंगराच्या कुशीत असलेली ही दहा-बारा घरांची वस्ती. तिथं कडूबाईची विहीर चालू होती. कडूबाईचा नवरा लवकर गेला, दीर वेगळे झाले, वाट्याला आलेल्या माळावर ती एकटी राबायची. तिनं ठरवलं होतं, या उन्हाळ्यात विहिरीला पाणी आणायचंच. सुरुंगाचं काम हमीदभाईकडं. हमीदभाई म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात जुना सुरुंगवाला. खडकाला कान लावून तो कसा फुटेल ते सांगायचा. माझा आणि त्याचा रिवाज असा की पोकळी निघाली की पहिली खबर मला.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. सुरुंगाच्या धुराचा डोकं धरणारा वास, दगडमाती वर ओढणाऱ्या यारीच्या दोराला लावलेल्या वंगणाचा वास, आणि नुकताच फुटलेला खडक ज्या वासाचा असतो तो वास, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. भर उन्हात सहा परस, एकावर एक सहा माणसं उभी राहतील एवढं, खोल उतरलं की गारवा लागायचा. पोकळीचं तोंड उघडलं की त्यातून हवेचा एक गार उसासा यायचा. हमीदभाई म्हणायचा, “सुदामशेठ, ये हवा कितने सालों से अंदर बैठी थी, पता नै. पैले तुम लो.” मी खरंच तोंड पुढं करून ती हवा घ्यायचो.

करंजमाळाच्या विहिरीत पोकळी निघाली, मोठी. माणूस बसेल एवढी. भिंतीभर हिरव्या गारगोट्या. पाणी मात्र नाही. कडूबाई वरून वाकून विचारायची, “लागलं का?” आणि खालून आम्ही सांगायचो, “लागलं!” ती म्हणायची, “तुमचं लागलं व्हय, माजं सांगा.”

पोकळी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुंगाची चार भोकं दारूनं भरून झाली होती. हमीदभाईनं आरोळी दिली, सगळे लिंबाकडं पळाले. मी एका मोठ्या धोंड्याआड पालथा पडलो, दोन्ही कानांत बोटं, डोळे गच्च मिटलेले. सुरुंगाच्या वेळी मी नेहमी असाच पडतो, यात लाज नाही. हमीदभाई विहिरीच्या काठाशी उकिडवा बसून काडी ओढणार, तेवढ्यात दणका झाला. एक, मग लागोपाठ दोन. छाती हलली. पण जमीन हलली नाही. मला वाटलं, संपला हमीदभाई, वात लवकर जळाली. तर तो स्वतः धावत आला, हातात न ओढलेली काडी, डोळे कवड्यांसारखे.

“अरे, मैंने बत्ती लगाईच नै!”

“मग काय फुटलं?”

“ऊपर फुट्या! ऊपर!”

वर निळं कोरडं आभाळ होतं. त्यात धुराची एक पांढरी, वाकडी रेघ, कुणी खडूनं ओढून अर्ध्यात सोडल्यासारखी. मग कुठंतरी गोफण फिरवल्यासारखा आवाज आला आणि धप्प झालं. बैल दावं तोडून पळाले. एक गडी ओरडला की लढाई लागली. मी पुन्हा पालथा. उठून, अंगावरची माती झटकून विहिरीपाशी आलो तेव्हा ढिगाऱ्यावर, विहिरीतून काढलेल्या मुरमाच्या वर, तो होता. नारळाएवढा, काळा कुळकुळीत.

मी दगडात म्हातारा झालेला माणूस आहे. तेव्हा तरुण होतो, तरी दगडात होतोच. आमच्या डोंगरातला काळा दगड मला अंधारात हातानं ओळखू येतो. हा आमचा नव्हता. आकाराच्या मानानं फार जड. अंगावर पातळ काळी साल, भाकरी तव्यावर जास्त राहिल्यासारखी. सालीवर जागोजागी अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे. एका कोपऱ्याला टवका उडाला होता, तिथं आत राखाडी रंग, त्यात भगरीच्या दाण्यांएवढे गोल गोल दाणे आणि मधूनच चमकणारी धातूची टिकली. माझ्याकडं फुटक्या रेडिओतला लोहचुंबक असायचा. आमच्या दगडाला तो चिकटतो, पण नाराजीनं. या दगडाला तो झडप घालून चिकटला.

“हे विहिरीतलं नाही,” मी म्हणालो. “हे वरून आलंय.”

कडूबाईनं घरातून हळद आणली आणि चिमूटभर दगडावर टाकली. म्हणाली, “पाणी दे म्हटलं, तर त्यानं दगड दिला. बरं, दिला तर दिला. आता एक काम कर सुदाम. हे कागदावर येईल ना? मग करंजमाळाचं नाव लाव. सरकारात आमच्या वस्तीला नाव नाय, रस्ता नाय. दगडाला तरी लागू दे.”

मी ‘हो’ म्हणालो. सौद्यात ‘हो’ म्हणायला मला कधीच वेळ लागलेला नाही.

इथं धंद्याची एक रीत सांगणं भाग आहे. गारगोटीवाला कधीही खरी विहीर सांगत नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, परदेशी शौकिनानं विचारलं, प्राध्यापकानं विचारलं, तरी बोट दुसरीकडंच दाखवायचं. खरी जागा सांगितली की दुसऱ्या दिवशी वेरूळचे सगळे व्यापारी त्या विहिरीवर. डोंगराच्या या बाजूची गारगोटी त्या बाजूची म्हणून विकली जाते, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. फक्त स्वतःसाठी म्हणून प्रत्येक खड्याच्या खोक्याच्या तळाशी आम्ही खरी चिठ्ठी ठेवतो. गाव, विहीर, किती खोल, कुठल्या बाजूला. वर खोटं लेबल, तळाशी खरी चिठ्ठी. खडा विकला की चिठ्ठी आमच्याकडंच राहते, माझ्याकडं अशा शेकडो आहेत. दगडाचीही त्याच दिवशी लिहिली आणि शेजारी टवक्यातला चिंचोक्याएवढा तुकडा ठेवला.

आभाळातल्या आवाजाच्या बातम्या छापून आल्या आणि चार दिवसांनी दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेची माणसं शहरात उतरली. त्यांची पुढारी एक बाई होती. तिशीची, रापलेली, बोलण्यात धार. सगळे तिला मॅडम म्हणत, मीही म्हणालो. दगड कापसात गुंडाळून मी स्वतः त्यांच्याकडं गेलो. तिनं तो हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि टवक्याला भिंग लावलं. मला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचता येतो. तिला तो हवा होता, जीव जाईल एवढा हवा होता. अशा वेळी मी नेहमी ताणतो. त्या दिवशी मी एक पैसा मागितला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं माझ्याबद्दल भलतंच लिहिलं गेलं.

“माझी एकच अट,” मी म्हणालो. “छापाल तेव्हा दगड शोधणाऱ्याचं नाव छापायचं. पूर्ण.”

“छापू,” ती म्हणाली. “सापडला कुठं?”

आणि माझ्या तोंडानं मला न विचारता उत्तर दिलं, “बोरखडीला.”

करंजमाळाच्या विहिरीत अजून अर्धी पोकळी भरलेली होती. मॅडम तिथं गेली असती तर पेपरवाले गेले असते, पेपरवाल्यांमागून सगळं वेरूळ. मी मनाशी म्हटलं, दोन दिवस. पोकळी रिकामी झाली की खरं सांगू. तिनं पुढं विचारलं, “उचलला तेव्हा कसा लागला हाताला?”

“कडक, मॅडम! हात भाजला ना,” असं म्हणून मी चहाच्या पातेल्यानं भाजलेलं बोट दाखवलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा वाटलं, झकास जमलं.

मग बोरखडीच्या शिवारात तो तमाशा सुरू झाला. मॅडम आणि तिचे विद्यार्थी हाताच्या अंतरानं एका रांगेत उभे राहायचे आणि काठीच्या टोकाला चुंबक बांधून शेतं विंचरत जायचे. वैशाखाचं ऊन. ढेकळं तापून पायात टोचायची. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या अजून उभ्या होत्या, त्यांत कपडे फाटायचे. असा दगड आभाळात फुटतो तेव्हा एकच तुकडा पडत नाही, लांबट पट्ट्यात पुष्कळ पडतात, असं ती मला सांगायची. एक तुकडा कुठं पडला ते नक्की कळलं, लोकांनी धूर कुठल्या दिशेला पाहिला ते कळलं, की तो कुठल्या कोनातून आला, सूर्याभोवती कुठल्या वाटेनं फिरत होता, इथवर माग काढता येतो. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये दगडधोंड्यांचा मोठा पट्टा आहे, त्यातला हा. आतले ते गोल दाणे पृथ्वी तयार व्हायच्या आधीचे. “तुमच्या डोंगराआधीचे, सुदामराव. डोंगर ज्यावर उभा आहे, त्याच्याही आधीचे.”

मी लिंबाखाली बसून ऐकायचो. पोकळीतली हवा मी पहिल्यांदा घ्यायचो, त्याचं मला केवढं कौतुक! आणि ही बाई ज्याला हात लावून बसली होती, त्याच्यापुढं ती हवा कालची होती.

सहाव्या दिवशी करंजमाळाची पोकळी रिकामी झाली. मी खरं सांगायला बोरखडीला गेलो. खरंच गेलो. तिला तोवर एक खडा सापडला नव्हता. तोंड लाल, ओठ फुटलेले, डोक्याला घामट रुमाल. मी जवळ जाऊन तोंड उघडलं, “मॅडम, जागेचं जरा...”

ती विद्यार्थ्यांकडं वळून म्हणाली, “यांचं आता फार मनावर घेऊ नका. यांना दगड विकायचा कळतो, दगड कळत नाही.”

पोरं हसली.

मी वळलो आणि एसटी धरली. मला दगड कळत नाही? काळ्या सालीवरून, वजनावरून, नुसत्या चुंबकावरून, कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय दगड ओळखणारा मी! म्हटलं, चाल बाई आता. चाल उन्हात. ती आणखी दहा दिवस चालली. मग वळीव आला, असा आला की ओढे लाल होऊन वाहिले. तिनंच सांगितलं होतं, अशा दगडात लोखंड असतं, पाणी लागलं की गंजून आतून कुजतो. करंजमाळावर कुठंतरी मुरमात, ओघळीत पडलेले त्याचे भाऊबंद त्या पावसात कुजले. मला ते तेव्हाही माहीत होतं. मी दुकानात बसून पाऊस बघितला.

वर्षभरानं त्यांचं छापून आलं. मला त्यातला एक कागद पाठवला, तोही मी दोनदा पत्र टाकल्यावर. इंग्रजीतून होता, छावणीतल्या एका मास्तरकडून वाचून घेतला. दगडाचं नाव बोरखडी. प्राप्ती: ‘स्थानिक विक्रेत्याकडून’. आणि पुढं एक वाक्य, जे मी तेव्हापासून रोज गिळतो: विक्रेत्यानं दिलेल्या माहितीत विसंगती असून स्थान संशयास्पद आहे.

विक्रेता! नाव नाही, आडनाव नाही. कोट्यवधी मैलांवरून कुठल्या वाटेनं दगड आला हे यांना हवं, आणि ज्यानं तो कापसात गुंडाळून पायाशी नेऊन ठेवला त्याचं नाव लिहायला यांच्या पेनात शाई नाही. हा राग मी वर्षानुवर्षं असा जपलाय जशी कुणी चांगली गारगोटी जपतो. धूळ बसू दिली नाही. लोक म्हणतात, शेठ, खोटं तर तुम्हीच सांगितलं. हो, सांगितलं. पण सहाव्या दिवशी मी खरं सांगायला गेलो होतो. ते ऐकायला तिला वेळ नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मला एका वेळी छळतात.

हमीदभाई गेला. यारी गेली, आता पोकलेनच्या दातांनी विहिरी होतात, पोकळी निघाली तर गारगोट्यांचा चुरा होऊन वर येतो. त्या माळावर कडूबाईला पाणी लागलं नाहीच. विहिरीत आता बाभळी उगवल्यात. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तिकिटं बदलली. पण त्या दगडाचं नाव मात्र एकदा लागलं ते लागलं.

यंदा चैत्रात कडूबाई दुकानात आली. एसटीनं, एकटी, पाठीतून वाकलेली. पाणी प्याली, काचेतल्या खड्यांकडं बघून म्हणाली, “ह्यातलं माज्या विहिरीतलं कोणतं?”

मी दाखवलं. वरच्या लेबलवर दुसरंच गाव होतं. ती वाचू शकत नाही, तरी मी तळहातानं ते झाकलं.

“सुदाम, बोरखडीवाल्यांनी कमान नव्यानं रंगवली म्हनं. त्यांचा सरपंच मला लग्नात भेटला, म्हनला, आजी, या आमचं दगडाचं गाव बघायला. माज्या रानातला दगड, आन मी त्यांचं गाव बघायला जाऊ व्हय?”

“काय करू मग मी?” मी तडकलो. “ते मोठे लोक. माझं ऐकतात का?”

“तू कधी खरं सांगितलं का त्यांना?”

ती गेल्यावर मी गल्ल्यावरच्या पोराला विनाकारण झापलं, आणि मग फोन लावला. मॅडम अजून त्याच संस्थेत होती, निवृत्तीला आलेली. मी नाव सांगितलं.

“बोरखडीचे सुदामराव,” ती म्हणाली.

“बोरखडीचा नाही मी. दगडही नाही.”

मी सगळं सांगितलं. खरं सांगायला आलो आणि न सांगताच वळलो तेही सांगितलं, ती काय बोलली होती तेही. तिला ते आठवत नव्हतं. मला याचाच जास्त राग आला.

“सोळा दिवस,” ती म्हणाली. “एक पोरगा उन्हानं चक्कर येऊन पडला. सोळा दिवस मी दुसऱ्याच शेतात फिरले आणि तुम्ही झाडाखाली बसला होता.”

“मग लिहा ना तसं! पण जागा बदला.”

“तुमच्या सांगण्यावरून? मागच्या वेळीही तुम्ही असंच छातीठोक सांगितलं होतं.”

“चिठ्ठी आहे माझ्याकडं. त्या दिवसाची. तुकडाही आहे.”

“तुकडा त्याच दगडाचा आहे हे मी तपासून सांगेन. पण चिठ्ठी काल लिहिली नाही कशावरून?”

तिथं मी सौदा सुरू केला, कारण मला दुसरं काही येत नाही. एक चिठ्ठी देतो. नको. फोटो देतो. नको. शेवटी तीच म्हणाली, “सगळ्या चिठ्ठ्या द्या. गारगोट्यांच्या, तुमच्या सगळ्या विहिरींच्या. मी त्यातल्या कुठल्याही निवडून जाऊन खडक तपासेन. बाकीच्या खऱ्या निघाल्या तर ही खरी असेल, एवढं मला लिहिता येईल.”

म्हणजे हिला माझा सगळा धंदा पाहिजे होता. कुठल्या गावाच्या कुठल्या कोपऱ्यात कुठल्या खोलीला काय आहे, हे माझ्या आयुष्याचं भांडवल. त्यावर माझं दुकान उभं आहे. त्या चिठ्ठ्या माझ्या मुलानंही वाचलेल्या नाहीत. मी फोन आपटला. दोन दिवस खोक्यांना कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठ्यांचे सगळे खोके बांधले, दगडाचा तुकडाही त्यात ठेवला, आणि पाठवून दिले. वर एक ओळ लिहिली: ‘बदल्यात माझं नाव. विक्रेता नव्हे. पूर्ण नाव.’ हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा होता, आणि माल हातातून गेला तेव्हाच मला ते कळत होतं.

तिनं तीन विहिरी निवडल्या. तिन्ही बरोबर निघाल्या. तुकडाही जुळला. आणि भर एप्रिलच्या उन्हात ती करंजमाळावर आली. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, पण डोक्याला तसाच रुमाल. आम्ही एकमेकांना नमस्कार केला नाही. कडूबाईनं दोघांना ताक दिलं, आणि दोघांनी ते एकमेकांकडं न बघता प्यायलं.

मी विहिरीपाशी गेलो. ढिगारा पावसानं बसून कमरेएवढा उरलाय. हात वर केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खऱ्या जागेकडं बोट दाखवलं. “इथं. या ढिगाऱ्यावर पडला.”

“नाय,” कडूबाई म्हणाली.

मी वळून बघितलं.

“तिथं नाय पडला. अलीकडं पडला, ह्या बांधाला. ही बघा, वीस पावलं. मी लिंबाखाली उभी व्हते, समोर धूळ उडाली. मीच उचलला. मला वाटलं विहिरीतला धोंडा हाय, हमीदभाईनं उडवला. विहिरीचा धोंडा रानात कशाला ठेवायचा, नांगराला लागतो. म्हनून नेऊन ढिगाऱ्यावर टाकला. मग हा आला, धोंड्यामागनं उठून.”

“मग तू बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला. “एवढी वर्षं!”

“मला कुनी विचारलं? तूच बोलत व्हतास. हात भाजला म्हनून पन तूच सांगत व्हतास. भाजंल कशानं? गार व्हता. उन्हात राहून गार. ताकाच्या गाडग्यावानी. मला तवाच नवल वाटलं.”

मॅडम ताकाचा पेला खाली ठेवत होती, तो तसाच हातात राहिला.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

“गार व्हता.”

मॅडमनं माझ्याकडं बघितलं नाही. ती कडूबाईलाच सांगत होती, पण ऐकू मला येत होतं. असा दगड वर काही क्षण पेटतो, फक्त कातडीपुरता. आत त्याला अवकाशातली थंडी मुरलेली असते. खाली येईतो वरचंही निवतं. न उचललेला माणूस हटकून गरम सांगतो. “हात भाजला असं लिहून घेतलं, तेव्हापासूनच मला या नोंदीबद्दल शंका होती,” ती म्हणाली. “गार होता असं मला आजवर फार थोड्यांनी सांगितलंय. ज्यांनी खरंच उचलला, त्यांनी.”

तिनं बांधावर जाऊन पावलं मोजली. वही काढली. करंजमाळ लिहिलं, मी बघत होतो. दगडाचं एकदा लागलेलं नाव बदलणं तिच्या एकटीच्या हातात नाही, त्यासाठी कुठंतरी अर्ज करावा लागतो. पण पडल्याची जागा ती दुरुस्त करणार होती, कारणासकट. मग पेन थांबलं.

“दगड शोधणाऱ्याचं नाव,” ती म्हणाली. आता मात्र ती माझ्याकडंच बघत होती. “आपला सौदा ठरलाय, सुदामराव. मी शब्द पाळते. काय लिहू?”

सगळे खोके तिच्याकडं होते. एका ओळीसाठी दिले होते मी. मला त्या बाईचा राग आला, कडूबाईचा आला, त्या बांधाचा आला, त्या दुपारी धोंड्याआड डोळे मिटून पडलेल्या स्वतःचा तर असा आला की कानशिलं तापली. ती तापली आहेत अजून.

“कडूबाई लिहा,” मी म्हणालो. “आडनाव तिला विचारा, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नव्हतं.”